रंगाचा डबा शेवटी उघडा

यवतमाळ जिल्ह्यात घाटंजी तालुक्यातल्या एका तरुणाने विचारलं आहे. थोडक्यात असं: गावच्या जिल्हा परिषद शाळेला चार खोल्या. दोन जुन्या, विटा-चुन्याच्या, वर कवेलू, म्हणजे कौलं. दोन नंतरच्या, स्लॅबच्या. चारही गळतात, स्लॅबच्या एका खोलीला तर कुलूपच आहे. गावातली आणि पुण्या-नागपूरला नोकरीला असलेली मिळून पंचवीस पोरं श्रमदानाला तयार आहेत. १ लाख ४० हजार रुपये जमलेत. मे महिन्यात पुट्टी, रंग आणि ‘बोलक्या भिंती’ उरकून जूनअखेर शाळा उघडेल तेव्हा गावाला नवी शाळा दाखवायची, असा बेत आहे. सुरुवात कुठून करावी?

भाऊ, मी वर्धा जिल्ह्यातला. सिव्हिलचा डिप्लोमा करून वीस वर्षं लहानसहान बांधकामं करतो आहे. त्यात लोकवर्गणीच्या अकरा शाळा झाल्या. पहिली शाळा मी अगदी तुमच्या बेतासारखीच केली होती, म्हणून आधी तिचंच सांगतो.

आर्वीकडचं गाव होतं. शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर आम्ही आगगाडी रंगवली. खोलीचा दरवाजा तो डब्याचा दरवाजा, खाली काळी चाकं. फोटो झकास आले. सरपंचांनी नारळ फोडला. ऑगस्टमध्ये सहज गेलो, तर जमिनीपासून तीन फुटांपर्यंत भिंत फुगलेली. दुसरीतली एक पोरगी मधल्या सुट्टीत भिंतीशी उकिडवी बसून चाकाचा पापुद्रा नखाने सोलत होती, दुधावरची साय उचलावी तसा, तुटू न देता. पापुद्र्याला पुट्टी, प्रायमर आणि रंगाचे दोन्ही हात चिकटून आलेले. खाली पांढराशुभ्र लोणा, म्हणजे ओलीबरोबर भिंतीतून वर आलेलं मीठ. ३८ हजार रुपयांची गाडी तीन महिन्यांत रुळावरून उतरली होती.

गावातला एक म्हातारा गवंडी तिथे आला आणि म्हणाला, “भाऊ, या भितीले पाणी वरून लागते का खालून, थे तर तुमी पाह्यलंच नाई.” खालून लागत होतं. दर २६ जानेवारीच्या आणि १५ ऑगस्टच्या आधी कोणीतरी हौसेने ट्रॉलीभर मुरूम मैदानात टाकायचं. वर्षानुवर्षं. मैदान वर येत गेलं आणि जोतं जमिनीत गेलं. शाळेला तीन पायऱ्या होत्या म्हणे, मी पाहिली तेव्हा एकच दिसत होती. पावसाचं पाणी मैदानातून थेट भिंतीच्या पोटात जात होतं आणि आम्ही वरून तिला पावडर लावत होतो.

तेव्हापासून मी शाळेत गेलो की आधी पाण्याच्या मागे जातो. कुठे पडतं, कुठून उतरतं, कुठे साचतं, कुठे मुरतं. तुमच्या चार खोल्यांचं कामही त्याच क्रमाने करा. रंग या मे महिन्यात करूच नका. तो कधी करायचा ते शेवटी सांगतो.

हातात घमेलं घेण्याआधी मात्र कागद. इमारत जिल्हा परिषदेची आहे, आपली नाही. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव करा. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत चारातले तीन सदस्य पालकच असतात, त्यामुळे ठराव अवघड जात नाही. शाळेचा विकास आराखडा करणं हे त्या समितीचंच काम आहे, तेव्हा तुमचं काम त्या आराखड्यात लिहून घ्या. ठराव आणि मुख्याध्यापकांचं पत्र गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्या, आणि बांधकाम उपविभागाच्या अभियंत्याला एकदा शाळेवर आणा. या शेवटच्या गोष्टीला लोक कंटाळतात. कंटाळू नका. २५ जुलै २०२५ रोजी राजस्थानात झालावाड जिल्ह्यातल्या पिपलोदी गावी शाळेचं छत भर सकाळी कोसळलं आणि ७ मुलं गेली. तुमची जी खोली कुलूपबंद आहे, ती कशासाठी बंद आहे हे लेखी विचारा. तिच्या निर्लेखनाचा, म्हणजे ती वापरातून काढून पाडण्याचा, प्रस्ताव गेला असेल तर त्या खोलीला हातही लावायचा नाही. तिच्या भिंतीला लागून व्हरांडा असेल तर मुलांना तिथे बसवायचं नाही.

अभियंता येईपर्यंत तुम्ही स्वतः एक पाहणी करू शकता. स्लॅबखाली स्टुलावर उभं राहून लहान हातोडीने, किंवा नुसत्या बांबूच्या टोकाने, हलके ठोके देत जा. डोक्यावर हेल्मेट हवं. जिथे काँक्रीट धड आहे तिथे टणक आवाज येतो. जिथे आतली सळाख गंजून फुगली आहे आणि पापुद्रा सुटला आहे तिथे मडकं फुटकं असल्यासारखा बद्द आवाज येतो. बद्द जागेभोवती खडूने रेघ मारा. एकदोन ठिकाणी हातभर जागा निघाली तर ते काम जाणकार मिस्त्री करील: सुटलेलं सगळं काढायचं, सळाख घासून स्वच्छ करायची, गंजरोधक लावून पॉलिमर मिसळलेल्या मसाल्याने भरायचं. पण अर्ध्या स्लॅबवर खडूचे नकाशे उमटले, सळाखी उघड्या दिसल्या, मधोमध झोळ आला असेल, तर ते काम श्रमदानाचं नाही. सगळ्यात वाईट उपाय म्हणजे अशा स्लॅबला खालून सिमेंटचं जाड प्लास्टर मारून सपाट करणं. रोग झाकला जातो आणि मुलांच्या डोक्यावर वजन वाढतं. एका शाळेत मी हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे. प्लास्टरचा पाटाएवढा तुकडा रविवारी पडला म्हणून निभावलं.

भिंतीच्या भेगांबद्दल तुम्ही वेगळं विचारलेलं नाही, पण यवतमाळच्या काळ्या मातीत त्या असणारच. कापसाची काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. शेतात पाय अडकेल एवढ्या भेगा तुम्ही पाहताच. तीच माती पायाखाली आहे. म्हणून मे महिन्यात भेग भारी रुंद दिसते आणि माणूस घाबरून तिच्यात सिमेंट ठासतो. पाऊस पडला, माती हलली की त्याच्या शेजारी नवी भेग. आता एवढंच करा: भेगेवर आडवं प्लास्टर ऑफ पॅरिसचं बोटभर रुंद पट्टं चढवा आणि शेजारी पेन्सिलने तारीख लिहा. चार महिन्यांनी पट्टं अखंड असेल तर भेग जुनी आणि निवांत. तडकलं असेल तर भिंत अजून चालते आहे, अभियंत्याला दाखवा. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी वर जाणारी, तळहात उभा जाईल अशी भेग असेल तर पट्ट्याची वाटही पाहू नका.

आता छप्पर. कवेलूच्या खोल्यांवर टिनाचे पत्रे टाका असं गावात दहा जण सांगतील, कारण वानरं. वानरांची टोळी एका दुपारी शंभर कवेलू फोडते हे मला मान्य आहे. पण मार्चपासून टिनाखाली बसणाऱ्या मुलांना विचारा. आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो, पत्रा तापतो आणि खोलीची भट्टी होते. लाकूड धड असेल तर कवेलू राहू द्या. लाकूड कसं पाहायचं? वासे मधून सुंदरच दिसतात, ते सडतात भिंतीत गेलेल्या टोकाला. तिथे स्क्रू ड्रायव्हर टोचा. सागवान असेल तर टोक आत जात नाही. भसकन गेलं तर उधई (वाळवी) आत पोचली आहे. तो वासा बदला, आणि एकच बदलायचा तर त्याला आधी खालून टेकू द्या.

कवेलू फेरायला, म्हणजे उतरवून पुन्हा रचायला, ज्याचा हात बसला आहे असा माणूस शोधा. आता असे लोक गावोगाव उरलेले नाहीत. आमच्या एका कामाला साठीपार माणूस दोन गावं ओलांडून सायकलवर यायचा. वर तो आणि त्याचा एक जोडीदार, बस. तुमच्या पंचवीस पोट्ट्यांपैकी एकही वर चढणार नाही, एवढी अट पाळा. कवेलूवर शहरी पाय पडला की कवेलू फुटतो, आणि खालची कमची (बांबूची पट्टी) मोडली तर पायही. तुमचं काम खालचं: साखळी करून कवेलू उतरवायचे, झाडून घ्यायचे, फुटके-साबूत वेगळे रचायचे, पुन्हा वर द्यायचे. साबूत कवेलू बोटाने वाजवला तर खणखणतो. एका छपराचे साधारण पाचवा हिस्सा नवे लागतात असं माझं अनुभवाचं गणित आहे, पण वानरांचा गाव असेल तर चौथा धरा. देशी नळ्यांचे कवेलू मिळत नसतील तर जवळपासच्या गावात पडक्या घराचे चौकशी करून घ्या. देशी आणि इंग्रजी (चपटे, मंगलोरी) कवेलू एका उतारावर मिसळू नका, सांध्यात पाणी घुसतंच.

तुमच्या पत्रात नाही, पण व्हरांड्यावर किंवा स्वयंपाकखोलीवर जुने सिमेंटचे राखाडी पत्रे असतील तर त्यात ॲस्बेस्टॉस असण्याची दाट शक्यता आहे. ते कापू नका, त्याला ड्रिल मारू नका, हातोडीने फोडून काढू नका. धड असेल तर तसाच राहू द्या. काढावाच लागला तर पाणी मारून ओला करा, बोल्ट सोडवून अख्खा उतरवा, तोंडाला साधा रुमाल नको, चांगला मास्क हवा. आणि फुटके तुकडे मैदानात भरावाला टाकू नका. गावात हे सर्रास चालतं.

स्लॅबच्या गळतीचं निम्मं कारण बहुतेक वेळा फुकटात निघतं. गच्चीवर चढून पाण्याची पन्हाळी पाहा. एका शाळेत मी पन्हाळीतून तीन रबरी चेंडू, एक स्लिपर, पारव्याचं घरटं आणि घमेलंभर कुजका कडुलिंबाचा पाला काढला होता. चेंडूंसाठी पोरांचं भांडण झालं, ते अजूनही आठवतं. पन्हाळी मोकळी झाल्यावर गच्चीवर चार बादल्या पाणी ओता आणि बघा: सगळं पाणी वाहून जायला हवं. जिथे थांबतं तिथे उतार चुकलेला आहे. शंभर फुटांना एक फूट उतार पुरतो. तेवढ्यापुरता विटांच्या तुकड्यांचा कोबा करून घ्या, मिस्त्रीकडून. कठड्यात पिंपळ उगवला असेल तर तो नुसता वरून छाटू नका, दर वर्षी अधिक जोमाने येतो. मुळापर्यंत वीट काढा, मूळ काढा, जागा पुन्हा बांधा. हे काम कंटाळवाणं आहे आणि फोटोत दिसत नाही.

खालचं पाणी हे तुमच्या पंचवीस जणांचं खरं काम. भिंतीच्या बाहेरून सगळीकडे माती खाली उतरवायची. जोतं जमिनीपासून दीड फूट तरी उघडं दिसायला हवं. जुनी पायरी निघाली की समजा बरोबर चाललंय. मग भिंतीला लागून तीन फूट रुंद पट्टा: मुरूम टाकून, पाणी मारून, धुमसाने चोपून बसवायचा, वर गिट्टीचं काँक्रीट किंवा फरशी, आणि उतार भिंतीपासून बाहेर. पट्ट्याच्या बाहेर कडेने नाली, आणि नालीचं तोंड मैदानाच्या सखल कोपऱ्यात किंवा शोषखड्ड्यात. काळ्या मातीत भिंतीजवळ पाणी मुरू दिलं नाही की पायाही कमी हलतो, म्हणजे भेगांचंही निम्मं काम याच पट्ट्यात होतं. हे मी पुस्तकात वाचलं होतं. कळलं आगगाडी उतरल्यावर. निघालेली माती विकू नका, गावातल्या कुणाच्या शेतात घालायला द्या, बदल्यात ट्रॅक्टर मिळतो.

भिंती आता थोडक्यात. ज्या खोल्या चुन्यात बांधलेल्या आहेत त्यांना सिमेंटचं प्लास्टर करू नका. चुन्याची भिंत ओल शोषते आणि सोडते. सिमेंटने तिचं तोंड बंद केलं की ओल आत कोंडते आणि विटा भुसभुशीत होतात. सुटलेलं प्लास्टर काढा, लोणा कोरड्या ब्रशने झाडा (पाण्याने धुतला तर मीठ पुन्हा आत जातं), चुना-रेतीनेच भरा, वर चुन्याचे दोन-तीन हात. सेवाग्रामला बापू कुटी पाहिली असेल. मातीच्या भिंती, वर कवेलू, आणि अजून उभी आहे, कारण दर वर्षी कोणीतरी तिला हात लावतं. स्लॅबच्या खोल्यांना सिमेंटचं प्लास्टर चालेल, पण रेती पाहून घ्या. काचेच्या बरणीत अर्धी रेती, वर पाणी, चिमूटभर मीठ, हलवा आणि तीन तास ठेवा. वर गाळाचा जो थर बसतो तो रेतीच्या थराच्या ८ टक्क्यांपेक्षा जाड असेल तर ती रेती प्लास्टरला नको. आणि रॉयल्टीची पावती असलेलीच रेती घ्या. शाळेच्या कामावर चोरीची रेती पकडली गेली तर बोलणी मुख्याध्यापक खातात. सिमेंटच्या पोत्यावर तयार झाल्याचा आठवडा छापलेला असतो. कुणी ‘दान’ दिलेली पोती तीन महिन्यांपेक्षा जुनी असतील तर ती फार तर पट्ट्याखालच्या भरावात वापरा.

मे महिन्यातलं प्लास्टर म्हणजे तव्यावरचं धिरडं. सकाळी अकराला केलेलं दुपारी चारला तडकलेलं असतं. पहाटे साडेपाच ते दहा, मग संध्याकाळी पाचनंतर. ओली पोती टांगून किमान दहा दिवस दिवसातून चार वेळा पाणी. या पाण्याची ड्युटी लावा, नावानिशी, कारण प्लास्टर करायला सगळे येतात आणि पाणी मारायला कोणी येत नाही. उन्हाळ्यात तुमच्या गावाला टँकर लागत असेल तर प्लास्टरच पुढे ढकला. बायाबापड्या हंड्यासाठी रांगेत आणि शाळेची भिंत न्हातेय, हे गावाला रुचत नाही, आणि रुचूही नये.

माणसांचंही सांगतो. पहिल्या दिवशी पंचवीस येतील, चौथ्या दिवशी चौदा, दहाव्या दिवशी सहा. यात कोणाचा दोष नाही. लग्नसराई असते, सुट्टी संपते. म्हणून माती काढणं, कवेलू उतरवणं, प्लास्टर झाडणं ही जास्त हातांची कामं पहिल्या तीन दिवसांत ठेवा. त्यानंतर दोन मिस्त्री आणि सहा पोरं एवढ्यावरच हिशेब करा. मिस्त्रीला आणि रेजांना (बाया मजुरांना) पूर्ण मजुरी द्या. ‘शाळेचं काम आहे, थोडं कमी घ्या’ असं म्हणू नका. त्यांची मुलं त्याच शाळेत आहेत, ते मनात असलं तर स्वतःहून एक दिवस देतात. एका ठिकाणी मी मागितलं होतं, मिस्त्री हो म्हणाला आणि तिसऱ्या दिवसापासून आलाच नाही.

बंद खोली उघडताना, कवेलूंच्या ढिगाला हात घालताना आधी काठीने ठोका, पायात बूट, हातात मोजे. विंचू हमखास, कधी मण्यार. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि ग्रामीण रुग्णालयात सर्पदंशावरचं प्रतिविष आहे का, हे आदल्या दिवशी विचारून ठेवा, गाडी कोणाची नेणार तेही. वायरिंग परवानाधारक वायरमनकडूनच. अर्थिंग नवं आणि मुख्य बोर्डावर वीज गळली की आपोआप बंद होणारं ३० मिलिअँपिअरचं स्विच (आरसीसीबी). पंखे नंतर आले तरी चालतील.

१ लाख ४० हजारांपैकी निम्म्याहून जास्त छप्पर, पन्हाळी आणि पट्ट्यावर लावा. उरलेल्यातून मुलींच्या शौचालयाला दार, कडी आणि नळाला पाणी. मग वायरिंग. पाचवा हिस्सा हातात ठेवा, कारण कवेलू उतरवल्यावर काय दिसेल ते आज कोणाला माहीत नाही. शाळेला दर वर्षी पटानुसार संयुक्त अनुदान येतं, ३० पटापर्यंत १० हजार आणि १०० पर्यंत २५ हजार. त्यातून दर मे महिन्यात पन्हाळी साफ करणं आणि कवेलू फेरणं समितीच्या ठरावात लिहून घ्या. एका देणगीदाराचा फलक भिंतीत ठोकण्यावरून एका गावात महिनाभर काम अडलं होतं. फलक लावायचाच तर झाडाजवळ, स्वतंत्र खांबावर.

आणि रंग. नव्या प्लास्टरला सुकायला चार आठवडे लागतात, त्यात विदर्भात शाळा उशिरा उघडत असली तरी जूनअखेर गाठणं शक्य नाही. रंग दिवाळीच्या सुट्टीत करा. तोवर एक पावसाळा भिंतीवरून जाऊ द्या. जुना तैलरंग खरवडायचा असेल तर कोरडा घासू नका, ओल्या पॉलिश पेपरने घासा. २०१७ च्या आधीच्या रंगांत शिसं भरपूर असायचं, आणि ती भुकटी मुलांच्या पोटात जाते. बोलक्या भिंतींची चित्रं जमिनीपासून तीन फुटांच्या वरच काढा.

जूनअखेर शाळा उघडेल तेव्हा भिंती टकलू दिसतील, गाव विचारेल की पैसे कुठे गेले. पायऱ्या मोजून दाखवा. आणि पहिला मोठा पाऊस रात्री पडला की दोघं-तिघं टॉर्च आणि खडू घेऊन शाळेत जा. जिथे ओल दिसेल तिथे गोल करा, आत तारीख आणि वेळ लिहा, छपरातून ठिबकत असेल तर खाली फरशीवरही. असं सप्टेंबरपर्यंत तीन-चार वेळा करा. दिवाळीत मिस्त्रीला आधी ते गोल दाखवायचे.